आंदणाची घागर आणि माझा उजवा हात

बसा निवांत. चहा टाकलाय, आलं किसून घातलंय, आणि आमचे हे केस कापायला गेलेत, म्हणजे मधे मधे दुरुस्त्या सुचवायला घरात कुणी नाही. आता काय सांगू तुम्हाला, आणि कुठल्या तोंडानं सांगू! मघाशी शेजारणीनं पाण्याची घागर माझ्यापुढं धरली आणि मी उजवा हात झटकन पदराखाली घेतला, ते बघितलंत ना? तुम्हाला वाटलं असेल, हिला उचलायचा कंटाळा. कंटाळा नाही हो! माझं आणि घागरीचं एकदा भलतंच झालंय. ऐका.

मला सगळे कमलआत्या म्हणतात. ज्यांची मी आत्या लागत नाही तेही म्हणतात. कारण आमच्या भावकीत कुठलंही लग्न मला विचारल्याशिवाय लागत नाही. हळद आधी कुणाला लावायची, ओटीत नारळाची शेंडी कुणीकडं करायची, नवरीनं उंबरा कुठल्या पायानं ओलांडायचा, सगळं मला पाठ. कुणी विचारलं तर सांगते. नाही विचारलं तर जास्त सांगते. याला मी जाणकारी म्हणते. आमचे हे दुसरा शब्द वापरतात, तो चहाच्या वेळी नको.

तर माझ्या दादाची एकुलती एक लेक, अंकिता. नर्सिंग शिकली, बीडलाच नोकरी धरली, आणि तिचं लग्न घाटनांदूरच्या एका गुणी मुलाशी ठरलं. माणसं फार चांगली. मुलाचे वडील अण्णा, गावचे माजी सरपंच. बैठकीत सगळ्यांदेखत म्हणाले, "आमाला काय बी नगं. फकस्त पोरगी द्या."

हुंडा नको म्हटलं, झकास! पण आंदण? ते कुणी मागत नाही, आणि कुणी नको म्हटलं म्हणून चुकतही नाही. लेकीचा संसार आईबापांनीच मांडून द्यायचा ना! आमच्या वहिनीनं तर अंकिता शाळेत होती तेव्हापासून एकेक भांडं जमवलं होतं. तांब्याचा हंडा, पितळेची घागर, कळशी, परात, डब्यांची उतरंड. वर दादानं कपाट, दिवाण, गाद्या, मिक्सर आणि घरघंटी घेतली. भांडी चिंचेनं घासून वहिनी अशी लावून ठेवायची की बघत राहावं.

आता या आंदणाचा माझ्या आईनं घालून दिलेला एक दंडक आहे. लेकीला द्यायचं भांडं रिकामं पाठवायचं नाही. गहू घाला, डाळ घाला, काही नसलं तर चिमूटभर मीठ घाला. पण रिकामं भांडं लेकीबरोबर सासरच्या दारात गेलेलं आमच्यात चालत नाही. हा दंडक मी वहिनीला इतक्या वेळा सांगितला होता की शेवटी शेवटी मी तोंड उघडलं की तीच म्हणायची, "व्हय वन्सं, भरूनच पाठवू."

आणि लग्नाच्या दिवशी झालं काय? भांडी भरायचं सगळं धान्य गावाकडं ओसरीवर राहिलं!

लग्न होतं बीडच्या बाहेर, मांजरसुंब्याच्या रस्त्याला एका मंगल कार्यालयात. मुहूर्त गोरज. आंदणाचा टेम्पो मात्र दुपारीच निघायचा होता. नवरी सासरी पोचायच्या आधी कपाट भिंतीला आणि भांडी मांडणीवर लागायला हवीत, ही माझीच आज्ञा. टेम्पो आमच्या गल्लीतल्या सलीमभाईंचा. त्यांचा फळांचा धंदा, त्यामुळं टेम्पोला बारा महिने आंब्याचा वास. ते दारात हॉर्न देत उभे, आणि इकडं वहिनी रिकाम्या हंड्यापाशी कपाळाला हात लावून बसलेली.

"वन्सं, आता वो काय करावं? गावाकडं माणूस धाडला तर कपिलधारच्या पल्याड जाऊन यायला सांज व्हईल."

"मी हाय ना!" मी म्हटलं. "तू जा, पाहुण्यांकडं बघ."

या 'मी हाय ना'नं माझा फार घात केलाय आजवर.

कार्यालयाच्या मागच्या बाजूला सामानाची खोली होती. नवरदेवाच्या घरची माणसं सकाळीच आलेली, त्यामुळं दोन्हीकडच्या मंडळींचं सामान तिथंच. मी पदर खोचला आणि लागले भरायला. आचाऱ्याकडून शेंगदाणे आणले, ते मिक्सरच्या भांड्यात. हंड्यात कांदे. कुकरमध्ये काकड्या. परातीत गूळ. चहाच्या गाळणीत काय भरावं यावर क्षणभर अडले, मग तिच्यात एक लवंग ठेवली. दंडक म्हणजे दंडक!

सगळं झालं, राहिली फक्त पितळेची घागर. आचारी म्हणाला, आता काही मागितलं तर पंगत उपाशी उठेल. आणि तेवढ्यात मला दिसली कोपऱ्यात एक लाल कापडी पिशवी. नाडी ओढून बघते तर काय, तांदूळ! मला वाटलं, वहिनीनंच आणलेत आणि विसरलीय. अशी विसराळू बाई! पिशवी ओतायला गेले तर घागरीचं तोंड लहान, तांदूळ खाली सांडायला लागले. मग नाडी परत आवळली आणि पिशवीच आत कोंबली. जाईना, तर आंदणातलंच लाटणं घेतलं आणि ठोकून ठोकून बसवली.

या सगळ्या वेळात त्या खोलीत आमचे हे खुर्चीवर बसले होते. एक शब्द बोलले नाहीत. का नाही बोलले? कारण मीच बजावलं होतं. साखरपुड्यात ह्यांनी नवरदेवाच्या धाकट्या भावाचं टक्कल बघून, "हे नवरदेवाचे चुलते का?" असं सगळ्यांसमोर विचारलं होतं. म्हणून मी लग्नाला निघतानाच दम दिला होता, "अक्षता पडेपर्यंत तोंड उघडायचं न्हाई. एक अक्षर न्हाई!"

मी पिशवी ठोकत होते तेव्हा ह्यांनी हात वर केला. डोळे मोठे केले. मान जोरजोरात हलवली. मी म्हटलं, "चहा पाहिजे? पाठवते."

आणि पाठवला!

टेम्पो निघाला. नारळ फोडला, सलीमभाईंनी टायरला लिंबू दिलं, आणि वहिनी रडायला लागली. लेक अजून आत मेंदी दाखवत फिरतेय, आणि ही भांडी गेली म्हणून रडतेय! मी तिला हसायला गेले आणि माझेच डोळे भरून आले. ती घागर वहिनीनं स्वतःची एक हौस मारून घेतली होती, ते मला ठाऊक होतं.

इथपर्यंत सगळं गोड. आता पुढचं बघा.

ऊन उतरायला लागलं. बाकीचं वऱ्हाड आलं, वाजंत्री लागली, मोठ्या पडद्यावर नवरदेवाचा हसरा फोटो झळकायला लागला. आणि एकदम कुजबुज उठली. मंगळसूत्र सापडत नाही! विहीणबाई, म्हणजे नवरदेवाची आई, पांढऱ्याफटक पडून खुर्चीत बसलेल्या. कुणीतरी विचारलं, कुठं ठेवलं होतं? त्या पर्स चाचपत नुसत्याच, "हितंच हुतं… हितंच हुतं…"

झालं! मंगळसूत्राशिवाय लग्न लागणार कसं? गुरुजी घड्याळाकडं बघायला लागले. दादाचा चेहरा उतरला. आणि मी? मी पुढं झाले. 'मी हाय ना!'

मी फाटकावर माणूस उभा केला. एकालाही बाहेर सोडायचं नाही! वाजंत्रीवाल्यांचे खोके उघडले. फोटोवाल्याची पेटी उपसली. गुरुजींची पिशवी झटकली, त्यातून पंचांग आणि खोकल्याची बाटली निघाली. मग माझी नजर गेली नवरदेवाच्या मावशीवर. बाई आपली पर्स पोटाशी घट्ट धरून बसलेली. मी म्हटलं, "दाखवा."

"कावून?"

"सगळ्यांचीच बघतोय."

"मी काय चोरटी वाटले व्हय तुमाला?"

पर्स उघडली. आत रुमालात बांधलेल्या बालुशाह्या! एवढ्या, की रुमालाची गाठ बसत नव्हती. साऱ्या बायका हसल्या आणि त्या मावशीनं माझ्याकडं असं बघितलं की काय सांगू. अजूनही ती मला कुठं भेटली तर पर्स मागं घेते.

आणि आमचे हे? ते माझ्या मागं मागं. कधी दोन्ही हात गोल करून दाखवायचे, कधी एका मुठीत दुसऱ्या हाताची बोटं कोंबून दाखवायचे, कधी रस्त्याकडं बोट करायचे. मी वैतागून म्हटलं, "पोट बिघडलंय का? तिकडं डाव्या हाताला हाय, जावा!" त्यांनी कपाळावर हात मारून घेतला आणि खरंच तिकडं जाऊन उभे राहिले.

तेवढ्यात विहीणबाईंनी मला खुणेनं बाजूला बोलावलं. खांबाआड नेलं. आवाज अगदी बारीक.

"ताई, एक सांगते, पण कुणाला बोलू नगा. मंगळसूत्र पर्समधी न्हवतंच."

"मग?"

"लग्नात चोऱ्या लई व्हतेत. म्हून मी ते रुमालात बांधून ओटीच्या तांदळात लपिवलतं. लाल पिशवी हुती. तुमच्या भांड्यांपशी ठिवली. आता पिशवीच न्हाई!"

मी खांब धरला.

"मग… मग हे आधी कावून न्हाई सांगितलं?"

"कसं सांगू? तुमी म्हनला असता, इहिणीचा आमच्यावर भरवसा न्हाई, तांदळात पुरून ठिवती!"

आता तुम्हीच सांगा, त्याच क्षणी मी बोलून टाकायला हवं होतं की नाही? एवढंच म्हणायचं होतं, बाई गं, ते मीच घागरीत ठोकलंय. पण नुकत्याच त्यांच्या बहिणीच्या बालुशाह्या मी चव्हाट्यावर मांडलेल्या! वाजंत्रीवाले अजून माझ्याकडं रागानं बघत होते. मी म्हटलं, "तुमी निर्धास्त बसा. मी हाय ना!"

आणि पळाले मागच्या दाराला, फोन घेऊन.

"सलीमभाई! कुठं हाव?"

"मांजरसुंब्याला, आपा. वाटेत पंक्चर झालतं, घाट चढून आत्ताच चहाला थांबलोय. सामान एकदम मजेत हाय."

"मागं फिरा!"

"कावून? काय झालं?"

आजूबाजूला माणसं. बोलू कशी? मी तोंडावर पदर धरून म्हटलं, "आत्ता काय विचारू नका. सगळं सामान घेऊन, हाय तसं, परत या. लवकर या!" आणि माझा आवाज चिरकला, रडू यायला लागलं.

मग सलीमभाई एकदम मऊ आवाजात म्हणाले, "समजलो, आपा. काय बी बोलू नका. मी आलोच."

काय समजले होते ते? आता बघा हं, आंदण लेकीच्या सासरी निघतं, ते परत कधी येतं? लग्न मोडलं तरच! दुसरं कारणच नसतं. त्या भल्या माणसानं टेम्पो वळवला, आणि वळवता वळवता आमच्या दादाला फोन लावला, धीर द्यायला.

"दादा, फिकीर करू नका. आपल्या पोरीला याच्याहून भारी जागा मिळंल. असल्या लोकांच्या घरात न गेलेलंच बरं!"

दादा तिथं नवरदेवाचा फेटा बांधायला माणूस शोधत होता. त्यानं फेट्याचं कापड तिथंच टाकलं. मग तडक अण्णांच्या पुढ्यात.

"अण्णा, आमच्या पोरीत काय कमी बघितलं तुमी?"

अण्णा गोंधळले. "काय म्हंता?"

"आंदण कावून परत धाडलं? कमी वाटलं का? बैठकीत तर फकस्त पोरगी द्या म्हनला हुता!"

"आमी कुठं परत धाडलं?"

तेवढ्यात घाटनांदूरच्या वऱ्हाडातून एकजण धापा टाकत आला. त्याच्या भावाला मांजरसुंब्याला टेम्पो दिसला होता, बीडकडं तोंड करून पळताना. "अण्णा, आंदण माघारी चाललंय! ते लोक पोरगी द्यायला नाही म्हनायलेत!"

मग काय विचारता! इकडचे म्हणतात तुम्ही परत पाठवलं, तिकडचे म्हणतात तुम्ही परत मागवलं. "आमाला येडं समजता का बे?" "कुणाला बे म्हणतो बे?" फेटे हलायला लागले. अण्णांना सवय, ते माइक हातात घेऊन शांततेचं आवाहन करायला लागले. "बंधू आणि भगिनींनो" झालं, आणि पुढं काय बोलायचं ते त्यांना सुचेना, कारण झालंय काय हे त्यांनाच माहीत नव्हतं. माहीत होतं ते दोघांना. एक मी, आणि दुसरे तिकडं मोरीजवळ तोंड मिटून उभे होते!

मी त्या वेळी नारायणगडाला नवस बोलत होते. पायी येईन, अनवाणी येईन, दंडक-बिंडक सगळं सोडून देईन. एवढ्यात मागून कुणीतरी माझा पदर ओढला.

अंकिता. शालू नेसलेली, मुंडावळ्या बांधलेल्या, आणि डोळ्यांतलं काजळ गालावर आलेलं.

"आत्या, माझं लग्न मोडलं का गं?"

एवढंच म्हणाली पोरगी. तुम्हाला सांगते, तिला मी पाळण्यात जोजवलंय. इंजेक्शन देताना समोरच्याला हसवणारी ती मुलगी, आणि तिचे ओठ थरथरत होते. लाज, मान, जाणकारी, सगळं एका बाजूला पडलं. मी तिचे गाल पदरानं पुसले आणि म्हटलं, "न्हाई गं माझे बाई. तुझी आत्या गाढव हाय, एवढंच झालंय."

आणि त्याच वेळी फाटकातून टेम्पो आत आला. कपाट, दिवाण, गाद्या, सगळं जसंच्या तसं. दोन्हीकडची माणसं भांडण टाकून टेम्पोकडं वळली. मी पदर खोचला आणि धावले. टेम्पोचं फळकं सलीमभाईंनी खाली पाडायच्या आत मी चाकावर पाय देऊन वर चढले. या वयात! फोटोवाल्याला काय, हेच हवं होतं. त्यानं कॅमेरा वळवला, आणि आत मांडवात नवरदेवाच्या हसऱ्या फोटोच्या जागी मोठ्या पडद्यावर मी दिसायला लागले, दिवाणावर पालथी पडलेली.

घागर होती सगळ्यात खाली, घरघंटीच्या मागं. गाद्या फेकल्या. कांदे गडगडले. काकड्या खाली पडल्या त्या सलीमभाई झेलत होते. शेवटी घागर हाती लागली. मी ओरडले, "मंगळसूत्र हितं हाय! ह्या घागरीत! मीच घातलंय! कुणाचं काय चुकलं न्हाई, लग्न कुणी मोडलं न्हाई, ही अक्कल माझी हाय!"

पडद्यावर हे सगळं मोठ्या आवाजात चाललेलं. सगळा मांडव बघतोय.

मी उजवा हात घागरीत घातला. हिरवा चुडा भरलेला, पुढं पाटल्या, मागं गोठ. आत गेला बरं का, जोर केला तसा गेला. नाडी सोडली, तांदळात बोटं खुपसली, रुमालाची पुरचुंडी लागली. आहाहा! मी जीव मुठीत आणि पुरचुंडी मुठीत धरली, आणि हात ओढला.

हात येईना.

परत ओढला. घागर हाताबरोबर आली. हात घागरीतून काही येईना. "मूठ सोडा!" कुणी ओरडलं. मूठ सोडली, तर पाटल्या अडकल्या. तोवर विहीणबाई स्वतः टेम्पोत चढून आल्या. मी आतून बोटांनी ढकलत ढकलत पुरचुंडी मनगटाच्या कडेनं वर आणली, त्यांनी दोन बोटांनी चिमटून ओढली. निघाली! गाठ सोडली, मंगळसूत्र जसंच्या तसं. विहीणबाईंनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं.

"तांदळात मी पुरलं," त्या म्हणाल्या.

"घागरीत मी ठोकलं," मी म्हटलं.

आणि दोघी टेम्पोत बसून अशा हसलो की टेम्पो हलायला लागला. खाली दादानं अण्णांना मिठी मारली. नवरदेव अर्धवट बांधलेल्या फेट्यात लोटपोट हसत होता. अंकितानं डोळे पुसले आणि मला म्हणाली, "आत्या, खाली ये आता. मुहूर्त चाललाय."

गुरुजी तर ओरडतच होते. "चला, चला! वेळ टळतीय!"

"आन ह्या हाताचं काय?" वहिनीनं विचारलं. आचारी बत्ता घेऊन आला. "बांगड्या फोडतो, मंग पाटल्या सरकतील."

"खबरदार!" मी कडाडले. "लग्नघरात सवाष्णीच्या बांगड्या वाढवत नसतात! अक्षता पडल्याशिवाय कुणी हात लावायचा न्हाई!"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. हो हो, मीच म्हणाले. मघाशी नवस बोलले होते ना, दंडक सोडीन म्हणून? सुटतात होय!

आता नवरीच्या मागं दिवा घेऊन आत्यानं उभं राहायचं, हेही मीच ठरवून ठेवलेलं. तशी उभी राहिले. डाव्या हातात दिवा, उजव्या हातात कोपरापर्यंत पितळेची घागर. अंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू झाली. प्रत्येक 'सावधान'ला सवयीनं माझा उजवा हात अक्षता टाकायला वर जायचा, आणि घागर शेजारी उभ्या असलेल्या मामाच्या डोक्यावर ठण्! पहिल्या दणक्याला मामा बाजूला सरकले, नंतर ते प्रत्येक 'सावधान' खरोखर सावध होऊन ऐकत होते. शेवटच्या मंगलाष्टकाला मी हात जरा जास्तच उंच केला आणि घागरीत उरलेले ओटीचे तांदूळ नवरानवरीच्या डोक्यावर भुरभुरले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, असंच असतं.

अक्षता पडल्या, अंतरपाट बाजूला झाला, आणि मागून आमच्या ह्यांचा आवाज आला.

"कमल, आता बोलू का?"

"बोला."

"ती लाल पिशवी विहीणबाईंची हाय. मी त्यांना ठेवताना बघितलं होतं."

मांडव परत एकदा हसला. मीच दम दिला होता.

पंगतीला बसले तर उजवा हात घागरीत. डाव्या हातानं जेवायचं नाही, हा आणखी एक माझाच नियम. मग ह्यांनी मला घास भरवले. एवढ्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा, आणि तेही साऱ्या वऱ्हाडासमोर! ती बालुशाहीवाली मावशी समोरच बसलेली, सूड घ्यायला टपलेली. "आता नाव घ्या बगा! नाव घेतल्याबिगर घास न्हाई!" घेतलं नाव. काय करते!

"पितळेच्या घागरीत ओटीचे तांदूळ,
दिगंबररावांचं ऐकलं असतं तर टळला असता गोंधळ."

मग आचाऱ्यानं खोबरेल तेल ओतलं, दोन बायकांनी मला धरलं, सलीमभाईंनी घागर धरली, आणि एकदाचा हात बाहेर आला. तांदूळ चिकटलेला, लाल, टम्म सुजलेला. घागर पुसून, त्यात नवे तांदूळ भरून ती परत टेम्पोत चढली. हो, रिकामी नाही पाठवली!

तुम्हाला वाटेल, संपलं. मलाही तसंच वाटलं होतं.

पुढच्या लग्नसराईत विहीणबाईंचा फोन आला. त्यांच्या पुतणीचं लग्न, घाटनांदूरलाच. "कमलताई, तुमाला यावंच लागंल. तुमच्याबिगर आमच्यात आता लगीन लागत न्हाई." मी फुलले ना! म्हटलं, चला, झालं गेलं लोक विसरले, जाणकारी तेवढी लक्षात राहिली. नवं लुगडं नेसून गेले. अंकिता भेटली, छान भरली होती अंगानं, नवऱ्याशी चेष्टा चाललेली. बघून जीव सुखावला.

मुहूर्ताची वेळ झाली. नवरीच्या मागं तिची आत्या येऊन उभी राहिली. तरणीताठी, लाजरी बाई. डाव्या हातात दिवा. आणि उजवा हात? कोपरापर्यंत चकचकीत पितळेच्या घागरीत!

मी शेजारच्या म्हाताऱ्या बाईला हळूच विचारलं, "हे काय वो?"

"रीत हाय," ती म्हणाली. "नवरीच्या आत्यानं घागरीत हात घालून हुबं ऱ्हायाचं. शेवटच्या 'सावधान'ला तांदूळ उधळायचे. गेल्या साली अण्णाच्या सुनंच्या लग्नात ही रीत पाळली, संसार कसा सोन्यावानी चाललाय बगा तिचा."

"अवो, पण ही रीत न्हाईच!" मी म्हटलं. "ते तर एका बाईचा हात अडकला हुता…"

म्हातारीनं मला खालून वर न्याहाळलं. आजूबाजूच्या बायकाही वळल्या.

"एवढ्या मोठ्या झालाव," ती म्हणाली, "अन् तुमाला साधी रीत म्हाईत न्हाई?"

मला! कमलआत्याला!

मी तोंड उघडणार, तेवढ्यात समोरून विहीणबाई आल्या. हसत हसत, हातात दुसरी एक घागर, तांदळानं भरलेली. "ताई, तुमी तर समद्यांच्याच आत्या! मान तुमचा बी हाय. घाला हात."

मी ह्यांच्याकडं बघितलं. हे तोंड मिटून उभे होते, खांदे मात्र गदागदा हलत होते.

मग काय केलं म्हणता? केलं काय! पाटल्या आधी काढून ह्यांच्या खिशात ठेवल्या, आणि घातला हात.